१५३ पौंडांचा हिशेब

बंडखोर साहित्याची वा संगीताची चर्चा निघाली की आपण आशयावर बोलतो, भाषेवर बोलतो. ते छापले कुणी, पैसा कुणाचा, विक्री कुणाच्या हाती, हे प्रश्न तळटीपेत जातात. लंडनच्या ‘डेस्परेट बायसिकल्स’ या छोट्या बँडने हाच प्रश्न आपल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर छापला. म्हणून त्यांची चार-पाच वर्षांची कारकीर्द मला महत्त्वाची वाटते.

१९७६-७७ मध्ये इंग्लंडात पंक संगीत उसळले. मोजके सूर, कच्चा आवाज, प्रस्थापितांविरुद्धचा उघड संताप. पण या संतापाच्या रेकॉर्ड काढल्या कुणी? ‘सेक्स पिस्टल्स’ने १९७६ च्या ऑक्टोबरात ईएमआयशी करार केला, ‘क्लॅश’ने १९७७ च्या जानेवारीत सीबीएसशी. ईएमआयने पिस्टल्सना तीन महिन्यांतच काढून टाकले, हे खरे. पण काढून टाकण्याचा अधिकारही कंपनीचाच होता. त्याच जानेवारीत मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ने ५०० पौंड उसने घेऊन स्वतःची रेकॉर्ड काढली. पंकच्या पाठोपाठ जो प्रवाह आला, ज्याला पोस्ट-पंक म्हणतात, त्यातल्या अनेकांनी ही वाट धरली.

बायसिकल्स त्यांतले. डॅनी विगली, निकी स्टीव्हन्स आणि मंडळी मार्च १९७७ मध्ये एकत्र आली ती मैफली गाजवण्यासाठी नव्हे, तर रेकॉर्ड काढण्यासाठीच. डाल्स्टनमधला स्टुडिओ तीन तासांसाठी घेतला. तालीम जेमतेम. ‘स्मोकस्क्रीन’ आणि ‘हँडलबार्स’ ही दोन गाणी मुद्रित केली आणि रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना तीच घातली. ‘रिफिल’ ही त्यांची स्वतःची कंपनी. कंपनी कसली, एक नाव. पहिल्या खेपेला ५०० प्रती. एकूण खर्च १५३ पौंड.

हा आकडा त्यांनी दुसऱ्या रेकॉर्डच्या वेष्टनावर जाहीर केला आणि घेणाऱ्यालाच विचारले, तुमची रेकॉर्ड अजून का निघाली नाही? माझ्या मते त्यांचा खरा विद्रोह इथे आहे, गाण्याच्या चालीत नाही. तबकडी तयार करणाऱ्या कारखान्याला कलावंताची जात-पात, कीर्ती, कंपनी यांच्याशी कर्तव्य नसते; ध्वनिफीत द्या, पैसे भरा, माल न्या. ही साधी गोष्ट लोकांना ठाऊक नसणे, यावरच मोठ्या कंपन्यांचा दरारा उभा होता. सायक्लोस्टाइलवर अनियतकालिक काढलेल्या आपल्या कार्यकर्त्याला यात नवल वाटणार नाही. पण आपल्यापैकी किती जणांनी कागदाचा, शाईचा, टपालाचा हिशेब मलपृष्ठावर छापला?

त्याच दुसऱ्या रेकॉर्डवर ‘डोंट बॅक द फ्रंट’ हे गाणे होते. रोख उघड होता: वंशद्वेषी नॅशनल फ्रंट. १९७७ च्या १३ ऑगस्टला या पक्षाचा मोर्चा लंडनच्या लुइशॅम भागात निघाला आणि हजारो विरोधक त्याच्या वाटेत उभे राहिले. असे गाणे काढायला बायसिकल्सना कुणा साहेबाची परवानगी मागावी लागली नाही.

१९७८ मध्ये ‘स्क्रिटी पोलिटी’ने आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर खर्चाचा बाबवार तपशीलच दिला. असा माल खपवायला पश्चिम लंडनमधले ‘रफ ट्रेड’ हे दुकान होते.

तरीही ‘सोपे आहे, स्वस्त आहे’ हा त्यांचा दावा मी जसाच्या तसा स्वीकारत नाही. १५३ पौंड म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश कामगाराची साधारण दोन आठवड्यांची मजुरी. बेकार पोराला ती रक्कम लहान नव्हती. शिवाय स्टुडिओच्या दारात बिचकल्याशिवाय पाऊल टाकण्याची सवय सगळ्यांना सारखी नसते. आणि स्वावलंबनाचा हा शोध काही त्यांनीच लावला नव्हता. लंडनमधल्या कॅरिबियन वस्त्यांत १९५० च्या दशकापासून लोक स्वतःच्या साउंड सिस्टिम चालवत होते, पुढे रेगेच्या छोट्या कंपन्याही निघाल्या. गोऱ्यांचे क्लब दार उघडत नव्हते म्हणून त्यांनी हे केले. पोस्ट-पंकच्या इतिहासात या काळ्या पूर्वसुरींना मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही.

बायसिकल्सची ‘रिमॉर्स कोड’ ही एकमेव मोठी रेकॉर्ड १९८० मध्ये आली, तीही ‘रिफिल’वरच. १९८१ च्या सुमारास बँड थांबला. मोठ्या कंपनीच्या दारी ते गेले नाहीत. स्क्रिटी पोलिटी गेले; त्यांची १९८५ ची रेकॉर्ड ‘व्हर्जिन’ने काढली. ती खूप गाजली, आणि तिच्या वेष्टनावर हिशेब नव्हता.