गठ्ठा पडला म्हणजे सगळं संपलं?

पंच कार्डांवर प्रोग्रॅम लिहिणारी आमची पिढी आता निवृत्त झाली. आमच्या आठवणी घरोघरी सांगितल्या जातात, पण सांगता सांगता त्यांत काही चुकीच्या समजुती शिरल्या आहेत. त्यांमुळे त्या काळची माणसं हतबल, नाहीतर निष्काळजी वाटू लागतात. मला ते सहन होत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

गैरसमज: कार्डांचा गठ्ठा हातातून सुटला की सगळी मेहनत मातीत.

गठ्ठे पडायचे, हे खरं. माझाही पडला होता, ऐन पावसाळ्यात, कॉलेजच्या ओल्या जिन्यावर. पण त्यावरचा उपाय आधीच केलेला असे. एका कार्डावर 80 रकाने. फोरट्रान भाषेतलं विधान 7 ते 72 या रकान्यांत लिहायचं. 73 ते 80 कंपायलर वाचतच नसे. तिथं कार्डाचा क्रमांक पंच करून ठेवायचा. पडलेली कार्डं गोळा करून सॉर्टरमध्ये घालायची. हे यंत्र एका वेळी एकच रकाना बघतं आणि त्यातल्या अंकाप्रमाणं कार्डं वेगवेगळ्या कप्प्यांत टाकतं. आधी एककाचा रकाना. मग कप्प्यांतली कार्डं 0 ते 9 अशा क्रमानं एकत्र करून पुन्हा घालायची, आता दशकासाठी, शेवटी शतकासाठी. चारशे कार्डं तीन फेऱ्यांत आपापल्या जागी! ज्यांनी क्रमांक घातलेले नसत, ते निदान गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर स्केचपेननं तिरकी रेघ ओढून ठेवत. एक कार्ड जरी इकडचं तिकडे झालं, तरी रेघ तुटलेली दिसे. माझी भिजलेली कार्डं तेवढी नव्यानं पंच करावी लागली, कारण फुगलेलं कार्ड रीडरमध्ये अडकतं.

गैरसमज: प्रोग्रॅमर दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसलेला असे.

आमच्यातल्या अनेकांनी तो काचेपलीकडूनच पाहिला. कोडिंग शीटवर पेन्सिलीनं प्रोग्रॅम लिहायचा आणि पंचिंगला द्यायचा. महत्त्वाच्या कामात एकीनं पंच केलेली कार्डं दुसरी ऑपरेटर व्हेरिफायरवर घेई आणि तीच शीट पुन्हा टाइप करी. जुळलं तर कार्डाच्या उजव्या कडेला खाच पडे, चुकलं तर नेमकी चुकलेल्या रकान्याच्या डोक्यावर. मग गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तरासाठी बरेचदा दुसरा दिवस उजाडायचा. एका स्वल्पविरामापायी दिवस फुकट जाई, म्हणून प्रोग्रॅम आधी कागदावर चालवून बघायचा. प्रत्येक व्हेरिएबलची किंमत पायरीपायरीनं मांडायची. याला आम्ही ड्राय रन म्हणायचो. प्रोग्रॅमकडं बघण्याची माझी नजर मशीनपेक्षा या कागदावरच तयार झाली.

गैरसमज: चपला घालून लॅबमध्ये गेलं की कॉम्प्युटरला व्हायरस होतो.

पुढं शाळांमध्ये कॉम्प्युटर आले, तेव्हा हे खरंच सांगितलं जाई. भीती होती ती धुळीची. फ्लॉपी ड्राइव्हचं हेड डिस्कला टेकूनच फिरतं; मध्ये धूळ आली की डिस्कवर चरे पडतात. व्हायरस यायचे ते एकमेकांना दिलेल्या फ्लॉप्यांतून. 1986चा ‘ब्रेन’ व्हायरस लाहोरमधून असाच जगभर पसरला.

गैरसमज: वर्षाचे दोनच आकडे लिहिणं हा प्रोग्रॅमरांचा आळस होता, आणि वाय-टू-के हा नुसता बागुलबुवा.

हा आरोप मला सर्वांत जास्त लागतो. पुन्हा त्या 80 रकान्यांकडं बघा. विमाधारकाचं नाव, पॉलिसीचा नंबर, हप्ता, शिवाय तीन तारखा, सगळं एका कार्डात बसवायचं. प्रत्येक तारखेतलं ‘19’ गाळलं की सहा रकाने मोकळे होतात. मेमरीचीही तीच टंचाई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली सुरू झालेल्या टिफ्रॅकच्या कोअर मेमरीत 40 बिटांचे 2,048 शब्द मावत, म्हणजे सगळे मिळून 10 किलोबाइट. आज मोबाइलमधला एक साधा फोटोही त्यात बसणार नाही. अशा काळात दोन आकडे वाचवणं हा हिशेबीपणा होता. 2000 साल उजाडल्यावर ‘00’ म्हणजे 1900 असं मशीन समजेल, हा वाय-टू-केचा धोका कुणाला दिसला नव्हता असंही नाही. बॉब बेमर या अमेरिकी प्रोग्रॅमरनं 1971 सालीच लेख लिहून सावध केलं होतं. चूक झाली ती पुढं, जागा स्वस्त झाल्यावरही जुने प्रोग्रॅम तसेच चालू ठेवण्यात.

आणि 1 जानेवारी 2000 ला फारसं काही बिघडलं नाही, कारण त्याआधीची काही वर्षं हजारो प्रोग्रॅमर, त्यांत आपल्याकडचेही कितीतरी, कोबॉल भाषेतल्या जुन्या प्रोग्रॅमच्या ओळी एकेक करून तपासत बसले होते.

तुमच्या घरात अशा कामावर असलेलं कुणी असेल, तर माळ्यावरची कार्डं आणि कोडिंग शीट रद्दीत देण्याआधी त्यांच्यासमोर ठेवा. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.