गॉगल निवडताना: आधी संरक्षण, मग छटा

तेलंगण-महाराष्ट्र सीमेवरच्या वांकिडीत मे महिन्याच्या उन्हात काच जितकी काळी तितकी चांगली, असे वाटणे साहजिक आहे. पण काळेपणा म्हणजे संरक्षण नव्हे. गडद काचेआड बाहुली मोठी होते आणि काच अतिनील किरण अडवणारी नसेल, तर ते अधिकच आत शिरतात. म्हणून ‘यूव्ही ४००’ ही खूण बाराही महिने हवी. पावसाळ्यात गॉगल कशाला, असे कोणी म्हणेल. पण ढगांतूनही हे किरण येतातच. ऋतूनुसार बदलावी ती छटा: उन्हाळ्यात गडद करडी, आभाळ भरलेले असताना फिकट तपकिरी. ओल्या रस्त्याची चकाकी पोलराइज्ड काच कमी करते. कापूसवेचणीच्या हिवाळ्यात ऊन तिरपे येते, तेव्हा कडा झाकणारी फ्रेम घ्या. रात्री गाडी चालवताना मात्र रंगीत काच नकोच.