फाटा चुकतो तेव्हा

सकाळचे सव्वासात. कामणच्या नाक्यावर भिवंडीकडून आलेला कंटेनर वळण घेतोय आणि त्याच्यामागे सगळा रस्ता खोळंबलाय. डंपर, टेम्पो, दुधाच्या किटल्या लटकवलेली मोटारसायकल, मधे आम्ही दोघं. धूळ दातांखाली कचकचते. आज शुक्रवार, ह्याच्या गाळ्याला सुट्टी. निघालोय वसईच्या बाजाराला. पिशवीत भाजीची यादी आहे.

चिंचोटीला हायवे लागतो. वसई फाट्याला डावीकडे वळायचं असतं. हा वळत नाही.

“अरे, फाटा गेला!”

“जाऊ दे. बोर्डीला जाऊ.”

“आत्ता?”

“मग कधी?”

यादी पिशवीतच राहते.

खानिवड्याचा टोलनाका मागे पडतो. मनोरला मस्तान नाक्यावर चहा. चारोटीला हायवे सोडून डहाणूकडे वळलो की हवा बदलते. डहाणूच्या पुढे डाव्या हाताला समुद्र झाडांआडून दिसतो, लपतो. नरपड, चिखले, मग घोलवड. फेब्रुवारी आहे, तरी रस्त्यावर ऊन पडत नाही. दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या. झाडं जुनी, काळपट हिरवी, फांद्या जमिनीला टेकायला आलेल्या.

एका वाडीत तोडणी चाललीय. लांब काठीच्या टोकाला जाळीचा झेला. काठीला हिसका बसतो, फळ जाळीत पडतं. आवाज होत नाही. खाली बसलेली बाई एकेक चिकू चोळून त्याची भुकटी काढते. तिच्या बोटांना पांढरा चीक चिकटलाय. कालीपत्ती जात. घोलवडच्या मातीत चुना जास्त, म्हणून इथल्या फळाला वेगळी गोडी, असं वाडीवाले सांगतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही आहे. मी एक उचलून दाबते. दगड.

“चार-पाच दिवसांनी खा, ताई,” बाई हसते. “मग मात्र थांबू नका. हा कोणासाठी थांबत नाही.”

वाडीच्या मागे पत्र्याची शेड. दारात चपलांची रांग, आमच्या दोन त्यात मिसळतात. डोक्याला जाळीची टोपी चढवूनच आत सोडतात. आत ऊब आणि पाकाचा वास. सहा बाया समोरासमोर बसून साली काढतायत. नजर फळावर नाही, गप्पांवर. सुरी तरी चुकत नाही. बिया एका बादलीत, फोडी दुसरीत. पुढच्या पातेल्यात फोडी पाकात बुडवून ठेवल्यात. कालचा पाक पातळ होता, आजचा दाट, उद्याचा आणखी दाट. एकदम दाट पाकात टाकल्या तर फोडी सुरकुततात, म्हणून हा धीर. साखर सत्तर टक्क्यांच्या आसपास पोचली की निथळवायच्या आणि वाळवणाच्या ट्रेवर पसरायच्या. ताज्या चिकूत तीन चतुर्थांशाच्या जवळपास पाणीच असतं. ते गेलं की फळ टिकतं. एक बाई माझ्या तळहातावर कँडी ठेवते. बाहेरून कोरडी, आतून चिवट. गूळ, खजूर आणि थोडी मातीची चव.

पुढचा थांबा बोर्डीला. इथेही पत्र्याची शेड, पण आत शिरताच अंगावर काटा येतो. स्टीलच्या उंच टाक्या, बाहेर दवाचे थेंब. तापमानाचा काटा सोळावर. एरवी जिला आपण नाशिक आणि द्राक्षं यांच्याच नावाने ओळखतो, ती वाइन इथे चिकूची. माहिती देणारा मुलगा टाकीला कान लावायला सांगतो. आत बारीक बुडबुड. मघाच्या शेडमध्ये फळ टिकावं म्हणून साखर भरत होते. इथे यीस्ट तीच साखर खातंय, तिचा मद्यार्क होतोय आणि वायू वर येतोय.

“चव घेणार, मॅडम?”

ग्लासात फिकट सोनेरी, फसफसणारं काही. चिकूचा तपकिरी रंग कुठेच नाही. पहिल्या घोटाला मध, मग किंचित तुरट. ह्याला गाडी चालवायचीय. तो ग्लास नाकाशी नेतो, वास घेतो, परत ठेवतो. पुन्हा उचलतो, पुन्हा वास घेतो. मुलगा सहज सांगतो, झाई गाव ओलांडलं की गुजरात. तिथे दारूबंदी. इथून काही मिनिटांचा रस्ता.

दुपार कलते. किनाऱ्यावर सुरूची झाडं सुंसुं करतायत. ओहोटी. पाणी इतकं आत गेलंय की ओल्या वाळूवरून चालत राहावं आणि समुद्र पुढेच सरकावा. आम्ही चालतो. बोलण्यासारखं बरंच असतं, बोलत नाही.

रात्री साडेआठ. कामणचा नाका. पुन्हा कंटेनर, पुन्हा रांग, पुढच्या ट्रकचे लाल दिवे. भाजीच्या पिशवीत यादी, एक बाटली आणि कँडीचा पुडा. मी पुडा फोडते, एक फोड ह्याच्या तोंडात, एक माझ्या. चघळायला वेळ लागतो.

दोघांच्याही फोडी संपतात. कंटेनर तिथेच. मी दुसरी काढते.