दोन नंबरच्या काट्याला सर्व्हर का सापडेना?



गेल्या हंगामात दोन नंबरचा काटा एका रात्री अडीच तास अडला होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. ज्यांच्या खेपा त्या रात्री रांगेत होत्या त्यांना तर चांगलेच आठवत असेल. त्यानंतर गावोगाव जे बोलले गेले तेही आमच्या कानावर आले. कोणी म्हणाले काटा बिघडला, कोणी म्हणाले बिघडवला. पारावरच्या बोलण्याला या पत्रिकेतून उत्तर देण्याचा आमचा रिवाज नाही. पण मामला वजनाचा आहे, आणि वजन म्हणजे सभासदाच्या वर्षभराच्या घामाचा हिशेब. म्हणून घडले ते सगळे, कारखान्याच्या चुकीसकट, येथे मांडत आहोत. थोडे संगणकाचे बोलावे लागेल. पण सातबाऱ्यावरचे नाव आणि गट नंबर यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हेही कळेल.

रात्री साडेदहाचा सुमार होता. केनयार्डात गर्दी वाढली म्हणून त्या हंगामात पहिल्यांदाच दोन नंबरचा काटा उघडला. पहिला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन काट्यावर चढला, इंडिकेटरवर वजनाचे आकडे स्थिर झाले. काटा कारकुनाने चिठ्ठीवरचा कोड नंबर टाकला आणि पडद्यावर उमटले, की सर्व्हर सापडत नाही. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. संगणक बंद करून चालू केला, तरी तेच.

येथे एक गोष्ट आधी सांगून टाकतो. वजन काटा करतो, संगणक करत नाही. काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली लोड सेल बसवलेले असतात. भार पडला की त्यांतून इंडिकेटरला विजेचा इशारा जातो आणि इंडिकेटर आकडा दाखवतो. संगणक तो आकडा घेऊन कोणाचा ऊस, कोणती गाडी, किती वाजता, एवढे सर्व्हरवरच्या खात्यात लिहितो. म्हणजे तराजू वेगळा आणि वही वेगळी. त्या रात्री तराजू ठीक होता. वही कोठे ठेवली आहे ते संगणकाला सापडत नव्हते.

आता नाव आणि नंबर. जाळ्यात जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो. आपल्या कार्यालयात हे नंबर १९२.१६८.१ ने सुरू होतात आणि शेवटी प्रत्येकाचा वेगळा आकडा. ही मालिका जगभरच्या कचेऱ्या आपापल्या आत वापरतात. जसा गट नंबर १० बहुतेक गावांत असतो, पण एका गावात एकच. यंत्रे एकमेकांशी बोलतात ती नंबराने. पण माणसाला नंबर ध्यानात राहत नाहीत, म्हणून यंत्रांना नावे दिली. काट्याच्या प्रोग्रॅमलाही सर्व्हरचे नावच सांगून ठेवले आहे. नाव घेतले की संगणकाला आधी त्या नावाचा नंबर शोधावा लागतो, मगच पुढचे बोलणे. सारा घोटाळा या शोधण्यात झाला.

हा शोध ठरल्या क्रमाने चालतो. संगणक आधी स्वतःच्या आठवणीत आणि स्वतःजवळच्या एका छोट्या यादीत पाहतो. तेथे नाव नसले तर कार्यालयाच्या नामावली सर्व्हरला, म्हणजे डीएनएसला, विचारतो. तेथेही नाही मिळाले तर काही संगणक शेवटी जाळ्यात हाळी देतात, ‘अमुक नावाचा कोण आहे रे?’ आणि कोणी ओ देतो का पाहतात. जेथे उत्तर मिळेल तेथे शोध थांबतो. ते उत्तर खरे की खोटे याची चौकशी संगणक करत नाही.

संगणक विभागातला मुलगा पावणेअकराला काट्यावर पोचला. पोरगा हुशार आहे, कामसू आहे. त्याने वायर पाहिली, स्विचचे दिवे पाहिले, सगळे ठीक. मग पिंग नावाचा हुकूम सर्व्हरचे नाव घालून दिला. पिंग म्हणजे नुसती हाक; पलीकडचा जागा असेल तर ओ येते. चारही हाकांना ओ आली! झाले, सर्व्हर जागा आहे, नेटवर्क ठीक आहे, म्हणजे खोट प्रोग्रॅममध्ये, असे ठरवून तो प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवू लागला. त्यात सव्वा तास गेला. बाहेर ट्रॉल्यांची रांग गेटाबाहेर गेली होती. मागच्यांमुळे पुढच्यांना एक नंबरच्या काट्याकडे वळताही येईना. तोडलेला ऊस जसा थांबतो तसा वाळतो, वजनात घटतो आणि उताराही पडतो, हे सभासदांना आम्ही काय सांगावे!

बाराच्या पुढे विभागाचे जुने जाणते गृहस्थ घरून उठून आले. त्यांनी तोच पिंग पुन्हा दिला, आणि ओ आली का ते न पाहता ओ कोणाकडून आली ते पाहिले. पिंग उत्तराबरोबर नंबरही दाखवतो. पडद्यावर शेवटचा आकडा १० होता. आपल्या सर्व्हरचा आकडा २०.

‘‘हा दहा नंबर कुणाचा रे?’’

एक नंबरच्या काट्यावरून यंत्रांच्या नंबरांची यादी उघडली. दहा नंबर हिशेब खात्यातल्या नव्या प्रिंटरचा निघाला. हाक सर्व्हरला आणि ओ देतोय प्रिंटर! प्रिंटर बिचारा जागा होता, हाकेला ओ देत होता. त्याच्याकडे खातेवही मागितली तर तो कोठून देणार?

पुढची तपासणी दोन मिनिटांची, पण सगळ्या लेखात महत्त्वाची. त्यांनी एनएसलुकअप हा दुसरा हुकूम दिला. पिंग इतर प्रोग्रॅमप्रमाणे घरची यादी आधी पाहतो. एनएसलुकअप घरच्या यादीकडे न पाहता थेट नामावली सर्व्हरला विचारतो. त्याचे उत्तर आले २०. नामावली बरोबर सांगते आणि पिंग चूक सांगतो, म्हणजे चूक बाहेर कोठे नाही, याच संगणकाच्या पोटात आहे. नामावलीनेही १० सांगितले असते तर तिकडे दुरुस्ती करावी लागली असती. तिच्याकडून उत्तरच आले नसते तर ती बंद आहे का, किंवा काटा भलत्याच नामावलीला विचारतो आहे का, ते पाहावे लागले असते.

ती घरची यादी म्हणजे होस्ट्स नावाची साधी मजकुराची फाईल. विंडोजमध्ये ती सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी अशी चार दारे ओलांडून आत बसलेली असते. उघडली तर शेवटच्या ओळीत आपल्या सर्व्हरचे नाव आणि समोर १० हा जुना नंबर. काही हंगामांपूर्वी नामावली नीट चालत नव्हती तेव्हा बाहेरून आलेल्या कारागिराने तेवढ्यापुरती ही ओळ लिहून वेळ मारून नेली होती. काम झाले, ओळ तशीच राहिली. त्याने कोणाला सांगितले नाही आणि आपल्यापैकी कोणी विचारले नाही. पुढे बंद हंगामात सर्व्हर बदलला. जुना-नवा काही दिवस बरोबरच चालवायचा होता म्हणून नव्याला २० नंबर दिला. जुना बंद झाल्यावर १० मोकळा दिसला, तो प्रिंटरला दिला. नव्या सर्व्हरची चाचणी घेतली ती एक नंबरच्या काट्यावर आणि कार्यालयात. दोन नंबरचा काटा तेव्हा कुलुपात होता. ही चूक कारखान्याची, दुसऱ्या कोणाची नव्हे.

मुलाने आधी आठवण पुसण्याचा हुकूमही देऊन पाहिला होता. उपयोग नव्हता, कारण पुसल्याबरोबर संगणक तीच यादी पुन्हा वाचून घेतो. ओळ काढली, फाईल जतन केली आणि एक वाजता पहिली पावती छापून निघाली.

जाता जाता या यादीची कुळकथा सांगतो, कारण आम्हाला ती ऐकून मौज वाटली. इंटरनेटच्या आधी अमेरिकेत अर्पानेट नावाचे जाळे होते. त्यावरच्या सगळ्या यंत्रांची नावे आणि नंबर एकाच फाईलीत असत. ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई. ते केंद्र एलिझाबेथ फाइन्लर या बाई चालवीत. नवे यंत्र जोडले की त्यांच्याकडे कळवायचे आणि बाकीच्यांनी सुधारलेली फाईल उतरवून घ्यायची. यंत्रे वाढली तशी ही चावडीवरची एकच वही पुरेना. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली, तीत ज्याची त्याची नावे ज्याने त्याने सांभाळायची. पण जुनी वही संगणकातून पुरती गेली नाही. आपल्या काट्यात सापडली ती तिचीच नातवंडे-पतवंडे.

त्याच हंगामात एका गट कार्यालयातही सर्व्हर सापडेना, पण तेथले कारण निराळे. कारकुनाने घरचा वाय-फाय राउटर आणून जाळ्यात जोडला होता. अशा राउटरला जाळ्यातल्या यंत्रांना नंबर आणि नामावलीचा पत्ता वाटण्याची सवय असते. त्याने सगळ्यांना बाहेरच्या नामावलीचा पत्ता वाटला. बाहेरच्या नामावलीला जगातली नावे ठाऊक, आपल्या सर्व्हरचे घरगुती नाव तिला काय माहीत! ‘‘व्हॉट्सअ‍ॅप चालतंय की, मग नेट आहेच,’’ असे ते लोक दिवसभर सांगत राहिले. राउटर काढला आणि संगणकांना नव्याने नंबर घ्यायला लावले, काम झाले. कित्येक जण नामावलीच्या दुसऱ्या जागी ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक पत्ता राखीव म्हणून घालून ठेवतात. त्यानेही हाच ताप होतो, आणि तो कधी होतो कधी नाही, म्हणून जास्त छळतो. दोन्ही जागी आतल्याच नामावल्या हव्यात.

हे इतके सविस्तर लिहिण्याचे आणखी एक कारण. २०२२ साली केंद्र सरकारने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. गावच्या सोसायटीत, दूध संस्थेत आज आपलीच मुले संगणकापुढे बसतात. त्यांनी निदान पिंगच्या उत्तरातला नंबर वाचायला शिकावे.

आता त्या रात्रीच्या पावत्यांचे. पावणेबाराला केनयार्ड सुपरवायझरने हाती पावत्या लिहायला घेतल्या. खरे तर पहिल्या दहा मिनिटांतच घ्यायला हव्या होत्या, पण पावती-पुस्तक कोठे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. एक वाजेपर्यंत १९ खेपा हाती लिहिल्या गेल्या आणि सकाळी सर्व्हरवर चढवल्या. तिसऱ्या दिवशी एक वयस्कर सभासद शेती खात्यात आले.

‘‘साहेब, माझी खेप कुठं गेली? मशीन म्हणतंय गावंना, मग वजन तरी खरं हाय का?’’

‘‘तात्या, बसा. पावती आणलीय ना? दाखवा.’’

पावती बरोबर होती, वजनही बरोबर होते. पण चढवताना कोड नंबरातला शेवटचा १ हा ९ वाचला गेला आणि तात्यांची खेप शेजारच्या गावच्या सभासदाच्या खात्यावर पडली. पावतीवर कोडाबरोबर नावही लिहिले होते म्हणून चूक सापडली. त्याच दिवशी सगळ्या १९ पावत्या नाव आणि कोड दोन्ही लावून पुन्हा तपासल्या. दुसरी चूक निघाली नाही, आणि तात्यांची खेप पंधरवड्याच्या बिलाआधी त्यांच्या खात्यावर आली.

कोणा सभासदाला त्या रात्रीच्या खेपेबद्दल अजून शंका असेल त्यांनी पावती घेऊन शेती खात्यात यावे. स्थळप्रती जपून ठेवल्या आहेत. दोन्ही काट्यांच्या भिंतीवर आता यंत्रांची नावे आणि नंबर यांचा तक्ता लावला आहे. हंगामाआधीची चाचणी दोन्ही काट्यांवर घ्यायची असे ठरले आहे. हाती पावत्यांचे पुस्तक दोन नंबरच्या काट्यावरच्या कपाटात आहे, आणि किल्ली पाळीवरच्या सुपरवायझरकडे असते.