उन्हाच्या गावी बर्फाचा पाहुणा

निळे डोळे, पाठीवर वळलेली झुबकेदार शेपटी आणि लांडग्याची आठवण करून देणारा चेहरा असं कुत्रं आता पुण्या-मुंबईतच नव्हे, नाशिक-नागपूरच्या रस्त्यांवरही दिसतं. सकाळी फिरायला निघालेली माणसं थांबून बघतात. मुलं तर हात लावल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. हे सायबेरियन हस्की. 'आपल्याकडेही असं एक हवं' हे वाक्य मग त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर उच्चारलं जातं आणि आईबाबांची शांतता संपते. हा लेख अशा घरांसाठी आहे.

बँकेच्या नोकरीत कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. अर्जदाराची हौस किती मोठी आहे, हे आम्ही विचारत नसू. परतफेडीची ऐपत किती, मुदत किती आणि उद्या अडचण आली तर जामीनदार कोण, एवढंच बघत असू. कुत्रं आणतानाही हेच तीन प्रश्न विचारावेत. मात्र त्याआधी येणाऱ्या पाहुण्याची कुळकथा ठाऊक हवी, कारण त्याच्या बहुतेक 'खोड्या' तिथून आलेल्या असतात.

हस्कीचं मूळ गाव म्हणजे सायबेरियाचं ईशान्य टोक, चुकोत्का. तिथल्या चुकची लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कुत्री जोपासली. समुद्रावर शिकार करायची आणि मिळालेलं मांस गोठलेल्या बर्फावरून घरी न्यायचं, हे त्यांचं जगणं. त्यासाठी राक्षसी ताकदीचं जनावर नको होतं. हलकं ओझं घेऊन, थोडक्या अन्नावर, मैलोन्‌मैल न थकता धावणारं हवं होतं. १९०९ साली ही कुत्री अलास्कातल्या नोम या गावी शर्यतीसाठी आणली गेली, तेव्हा तिथल्या थोराड कुत्र्यांपुढे ती इतकी किरकोळ दिसली, की लोकांनी चेष्टा केली. पुढच्याच वर्षी सुमारे ६५० किलोमीटरची ती शर्यत सायबेरियन कुत्र्यांच्या जथ्यानं ७४ तासांहून थोड्या अधिक वेळात जिंकली. चेष्टा बंद झाली.

त्यांची खरी परीक्षा १९२५ च्या जानेवारीत झाली. नोममध्ये घटसर्पाची साथ आली. गावात डॉक्टर एकच, औषधाचा साठा जुना, समुद्र गोठलेला. रेल्वे पोहोचायची ती नेनाना या गावापर्यंत, आणि तिथून नोम जवळजवळ १,०८५ किलोमीटर दूर. वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्री यांनी टप्प्याटप्प्यानं, शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीत, साडेपाच दिवसांत प्रतिविष पोहोचवलं. सर्वांत लांबचा आणि धोक्याचा टप्पा लिओनार्ड सेपाला यानं पार केला. त्याच्या जथ्याच्या अग्रभागी होता बारा वर्षांचा टोगो. शेवटच्या टप्प्याचा पुढारी बाल्टो. २ फेब्रुवारीला तो गावात शिरला आणि जगभर गाजला. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला.

या इतिहासातून आपल्या दिवाणखान्यासाठी पहिला बोध असा, की या कुत्र्याच्या रक्तात धावणं आहे. सकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन विधी उरकून परत, एवढ्यानं त्याचं भागत नाही. रोज दीड-दोन तास खरा व्यायाम हवा. पाऊस असो, पाहुणे असोत, की मुलांची परीक्षा असो. तो मिळाला नाही, तर उरलेली शक्ती ते सोफ्याच्या उशा, चपला आणि कुंड्यांवर खर्च करतं. याला खोडसाळपणा म्हणणं बरोबर नाही. ही बेकारी आहे. कामाच्या माणसाला घरी बसवलं, की काय होतं, हे निवृत्त माणसांच्या बायकांना विचारावं.

दुसरा बोध, ते ऐकत नाही. अल्सेशियन किंवा लॅब्रेडॉर मालकाच्या तोंडाकडे बघून वागतो. हस्की आधी विचार करतं. याचंही कारण बर्फातच आहे. जथ्याच्या पुढे धावणाऱ्या कुत्र्याला पायाखालचा बर्फ पातळ आहे हे मागच्या गाडीवानाआधी कळतं. अशा वेळी 'पुढे चल' हा हुकूम न मानणारं कुत्रंच सगळ्यांचा जीव वाचवतं. म्हणजे आपण ज्याला हट्टीपणा म्हणतो, तो तिकडे सद्‌गुण ठरला. त्याला शिकवता येतं, पण मारून नव्हे. चिकाटीनं, खाऊ देऊन आणि रोज थोडं थोडं. आणि कितीही शिकवलं, तरी मोकळ्या रस्त्यावर पट्टा सोडू नये. मांजर, कोंबडी किंवा खार दिसली, की तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. कुंपणाखालून खणून किंवा वरून उडी मारून निसटण्यातही ते पटाईत असतं.

राखणीसाठी हस्की आणणार असाल, तर विचार सोडून द्या. ते फारसं भुंकतच नाही. मान वर करून लांब हेल काढतं, तेही कधीकधी रात्री दोन वाजता. चोर आलाच, तर बहुधा शेपटी हलवून त्याचं स्वागत करील. माणसांवर, मुलांवर त्याचा फार जीव. मात्र याच कारणानं एकटेपणा त्याला सोसत नाही. नवरा-बायको नोकरीला, मुलं शाळा-क्लासला आणि कुत्रं दहा तास बंद घरात, अशी दिनचर्या असेल, तर शेजाऱ्यांची तक्रार यायला फार दिवस लागणार नाहीत.

आता केस. हस्कीच्या अंगावर दोन थर असतात. आत दाट मऊ लोकर आणि वर लांब राठ केस. वर्षातून साधारण दोनदा आतली लोकर झडते, आणि ती कशी, तर गादी उसवल्यासारखी. भातात, चहात, देवाच्या वस्त्रांवर, सगळीकडे केस. एरवी आठवड्यातून दोन-तीनदा आणि झडतीच्या दिवसांत रोज विंचरावं लागतं. उन्हाळ्यात 'बिचाऱ्याला उकडतं' म्हणून काही जण त्याचं अंग सफाचट करून आणतात. हे करू नये. तोच थर उन्हापासूनही अंग वाचवतो आणि एकदा भादरलेले केस पुन्हा पूर्वीसारखे येतीलच असं नाही. पावसाळ्यात अंग ओलं राहिलं, तर कातडी चिघळते. दाट केसांत गोचीड लपतात आणि गोचीडतापानं कुत्री दगावतात. म्हणून फिरून आल्यावर बोटांनी केस दुभंगून कानामागे, बगलेत, पायाच्या बोटांत तपासावं.

सर्वांत मोठा प्रश्न उन्हाचा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकतं, तोंडातली ओल हवेत उडते आणि त्यातून शरीर निवतं. नागपूरच्या मे महिन्यात हवाच अंगापेक्षा तापलेली असते. मुंबईत हवा इतकी दमट, की ओल उडतच नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ते ४१ च्या वर गेलं, की उष्माघात समजावा. जोरजोरात धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, अडखळती चाल ही त्याची लक्षणं. अशा वेळी ताबडतोब सावलीत न्यावं, अंगावर भरपूर पाणी ओतावं, पंखा लावावा आणि तसंच डॉक्टरांकडे धावावं. मुळात ही वेळ येऊ नये, म्हणून फिरणं सूर्योदयापूर्वी आणि रात्री उशिरा. डांबरी रस्त्याला तळहाताची मागची बाजू लावून पाहावी. पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे पंजेही भाजतात. वातानुकूलित खोली ही इथे चैन नाही, औषध आहे. वीज गेली तर काय, याचं उत्तरही आधी तयार हवं.

खाण्याच्या बाबतीत मात्र हा पाहुणा तसा गरीब. आकाराच्या मानानं कमीच खातो. पण त्याला नुसत्या दूध-पोळीवर ठेवू नये. काही हस्कींना अन्नातलं जस्त नीट शोषता येत नाही आणि धान्याचाच आहार असला, की डोळ्यांभोवती, तोंडाभोवती खपल्या धरतात. मांस, अंडी किंवा डॉक्टरांनी सुचवलेला तयार आहार द्यावा. घर शुद्ध शाकाहारी असेल, तर आणण्यापूर्वीच हा विषय आजीशी बोलून घ्यावा. कांदा, चॉकलेट आणि बेदाणे त्याला विष. तेव्हा प्रसादाचा शिरा प्रेमानं भरवण्याआधी हात आवरावा.

आता मुदतीचा प्रश्न. हस्की बारा ते चौदा वर्षं जगतं. पाचवीतल्या मुलीनं हट्ट करून आणलेलं पिल्लू म्हातारं होईल, तेव्हा ती मुलगी बंगळूरला किंवा अमेरिकेत नोकरी करीत असेल. पहाटे पाचला पट्टा धरून निघणारे हात आईचे किंवा आजोबांचे असतील. आमच्या शेजारच्या इमारतीत हेच घडलं. सत्तरीचे आजोबा पंचवीस किलोच्या कुत्र्यामागे ओढले जात चालायचे. कोणी विचारलं, तर म्हणायचे, "अहो, मी त्याला नाही, तो मला फिरवतो." हसून म्हणायचे, पण गुडघ्याला पट्टा बांधून. शेवटी डोंगराळ गावातल्या एका नातेवाइकाकडे कुत्रं पाठवलं. ते नशीबवान. सगळ्यांना असा नातेवाईक नसतो.

सोडून दिलेल्या हस्कींची संख्या जगात वाढली, ती एका मालिकेमुळेही. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही २०११ ते २०१९ या काळात गाजली. त्यातले लांडगे पाहून लोकांनी हस्की विकत घेतली आणि झेपेनात म्हणून टाकली. शेवटी २०१७ मध्ये मालिकेतला प्रमुख नट पीटर डिंकलेज यालाच असं करू नका म्हणून आवाहन करावं लागलं. खुद्द बाल्टोचंही काय झालं पाहा. पुतळा उभारून दोन वर्षं होण्याआधीच तो आणि त्याचे सोबती लॉस एंजेलिसच्या एका तमाशात पैसे घेऊन दाखवण्याची वस्तू बनले होते. १९२७ मध्ये क्लीव्हलंडच्या लोकांनी, त्यांत शाळकरी मुलांनीही, पैसे जमवून त्यांना सोडवलं. बाल्टोचे उरलेले दिवस तिथल्या प्राणिसंग्रहालयात सुखात गेले. १९३३ मध्ये तो वारला. पुतळा उभारणं सोपं असतं, सांभाळणं अवघड.

मग हस्की पाळूच नये का? तसं नाही. घरात पहाटे उठणारं, तगडं, तरुण माणूस असेल, दिवसभर कोणीतरी घरी असेल, गारव्याची सोय असेल आणि ही व्यवस्था बारा वर्षं टिकण्यासारखी असेल, तर जरूर पाळावं. पिल्लाची किंमत ही फक्त पहिली रक्कम. हप्ते पुढे असतात. २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. ही नोंदणी बघावी, पिल्लाची आई बघावी, आईबापांचे डोळे तपासले आहेत का विचारावं, कारण मोतीबिंदूसारखे डोळ्यांचे आजार या जातीत वारशानं येतात. शक्य असेल, तर कुणी सोडून दिलेलं मोठं हस्कीच घरी आणावं.

आणि यांतलं जमणार नसेल, तर आपल्या मातीतली कुत्री आहेतच. दख्खनच्या माळरानावरचं सडसडीत कारवान आहे. सोसायटीच्या फाटकाशी बसलेलं, ऊन-पाऊस पचवलेलं गावठी पिल्लू आहे. त्याचे डोळे निळे नसतील. पण मुलाला कुत्र्याकडून जे हवं असतं, ते त्या तपकिरी डोळ्यांतही तेवढंच असतं, आणि त्यासाठी कोणाला बर्फ सोडून यावं लागत नाही.