जुना जपानी पॉकेट पेन घेताय? आधी टोपण तपासा

चांदूर बाजारात शाईपेनवाले कमी, पण जुने जपानी पॉकेट पेन घेऊ का असं विचारणारे भेटतात, म्हणून लिहितो. बंद असताना हा पेन शर्टाच्या खिशात पुरता मावतो. लांब टोपण काढून मागे चढवलं की लांबी नेहमीच्या पेनाएवढी होते. पायलटचा एलिट एस १९६८ चा, तर निब आणि धड एकाच स्टीलचं असलेला म्यू ७०१ १९७१ चा. सेलर आणि प्लॅटिनमचेही सुंदर नमुने आहेत.

सगळी मदार टोपणावर. ते पुढे आणि मागे, दोन्हीकडे घट्ट बसायला हवं. मागे सैल असेल तर लिहिताना डुगडुगतं. असा पेन कितीही चकचकीत असो, घेऊ नका. मग पकडीची जागा उजेडात फिरवून बघा, बारीक तडे बऱ्याचदा तिथे असतात. पेन हातात नसेल तर निबेचा क्लोज-अप फोटो मागा. दोन्ही टोकं सारखी हवीत, टोकावरचा कठीण धातूचा मणी शाबूत हवा.

तिन्ही कंपन्यांची कार्ट्रिज वेगवेगळी, एकाची दुसऱ्याला बसत नाही. मोठा कन्व्हर्टर या आखूड धडात मावत नाही. रिकामं कार्ट्रिज सोबत मागून घ्या. मेडिकलमधल्या सिरिंजने त्यात कॅमल शाई भरता येते. वाळलेली शाई साध्या कोमट पाण्याने निघते, गरम पाणी किंवा स्पिरिट वापरू नका.

आपल्याकडच्या वहीच्या कागदावर शाई पसरते, म्हणून बारीक, म्हणजे एफ निब घ्या. जोडाक्षरं स्वच्छ उमटतात. पहिलाच पेन असेल तर एलिट घ्या.