परीक्षानळीच्या बुडाचा हिशेब

प्रयोगशाळेतील साधी परीक्षानळी डोळ्यांपुढे आणा. समजा, तिचा आतील व्यास २ सेंमी. आणि आतील एकूण उंची १५ सेंमी. आहे. तिच्यात काठोकाठ किती पाणी मावेल?

नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ ३.१४ चौ. सेंमी. त्याला १५ ने गुणून कोणी ४७.१० घ. सेंमी. असे उत्तर देईल. दुसरा म्हणेल, ‘बूड अर्धगोल आहे, त्याचे घनफळ यात मिळवा.’ दोन्ही उत्तरे चूक! बुडाची १ सेंमी. उंची त्या १५ सेंमी. मध्येच आलेली आहे. म्हणून नळीचे दोन भाग करू.

वरची वृत्तचिती : ३.१४ × १४ = ४३.९६ घ. सेंमी.
खालचा अर्धगोल : ३.१४ × २/३ = २.०९ घ. सेंमी.
एकूण : ४६.०५ घ. सेंमी.

हे २/३ कोठून आले? गोल ज्या वृत्तचितीत नेमका बसतो, तिच्या दोन तृतीयांश त्याचे घनफळ असते, हे आर्किमिडीजने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सिद्ध केले. अर्धगोलालाही हेच प्रमाण लागू पडते. म्हणजे सपाट बुडाच्या नळीपेक्षा येथे त्रिज्येच्या एक तृतीयांश उंचीइतके पाणी कमी मावते.

काठोकाठ भरलेल्या नळीत हा फरक किरकोळ वाटेल. पण थोडे द्रव घेतले की तो डोईजड होतो. एक भाग मिठाच्या द्रावणात दोन भाग पाणी मिसळायचे आहे. तुम्ही २ सेंमी. उंचीपर्यंत द्रावण घेतले आणि ६ सेंमी. च्या खुणेपर्यंत पाणी ओतले. द्रावण भरले ५.२३ घ. सेंमी., पाणी मात्र १२.५६! दोन भागांऐवजी पाणी २.४ भाग झाले. मग प्रयोगाचे उत्तर जुळले नाही, तर दोष मिठाचा नव्हे.

योग्य खूण कोणती? प्रत्येक उंचीतून त्रिज्येचा तिसरा हिस्सा वजा करा. २ सेंमी. म्हणजे प्रत्यक्षात १ २/३. त्याची तिप्पट ५. वजा केलेला १/३ परत मिळवा. म्हणजे खूण ५ १/३ सेंमी. वर हवी. मोजपात्राने पडताळा घ्या.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी : बूड शंकूच्या आकाराचे असेल, तर किती उंची वजा करावी लागेल?